रागाच्या आधीचा तास

आमच्या घरी तेराव्या वर्षी आलेला मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. तो आमच्या पोटचा नाही आणि दत्तकही नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ खाली बालकल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचे हे ठरवणाऱ्या समितीने, दिलेल्या आदेशाने तो आमच्याकडे राहतो. सरकारी कागदांत या व्यवस्थेला प्रतिपालकत्व म्हणतात आणि बोलताना सगळे फॉस्टर केअर म्हणतात. अशा मुलांची ओळख उघड करण्यास त्याच अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे, त्यामुळे त्याचे नाव, मूळ गाव, शाळा आणि त्याच्या कुटुंबाचा तपशील येथे येणार नाही, आणि काही खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत. लिहिण्याच्या सोयीसाठी त्याला सोमनाथ म्हणते. मी हे लिहिते आहे हे त्याला ठाऊक आहे. कोणत्या गोष्टी लिहायच्या नाहीत हे त्याने सांगितले आणि त्या मी वगळल्या आहेत.

त्याची आई हयात आहे, पण दीर्घ मानसिक आजारामुळे ती मुलांना सांभाळू शकत नाही. वडील नाहीत. धाकटी बहीण दुसऱ्या जिल्ह्यात मुलींच्या संस्थेत आहे. त्यामुळे दत्तकाचा प्रश्न कधी आलाच नाही. आपल्याकडे बालसंगोपनाची मदत मिळणारी मुले बहुधा आईजवळ, आजीजवळ किंवा मामाकडेच राहत असतात. अगदी अनोळखी घरात मोठे मूल राहायला जाणे ही गोष्ट अजून विरळच आहे. आम्ही नाशिकला राहतो. माझे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात आहेत, मी बँकेत आहे, सासूबाई आमच्याजवळ असतात आणि आमची मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी आहे.

अर्ज, गृहचौकशी, पोलिसांकडून पडताळणी, वैद्यकीय दाखले, उत्पन्नाचा पुरावा, मग तो तेव्हा राहत होता त्या संस्थेत जाऊन मुलाच्या भेटी आणि शेवटी समितीसमोर हजेरी, असा तो क्रम होता. घरात खोल्या किती, शौचालय आत की बाहेर, दोघांपैकी कोण घरी किती वाजता येते, हे सर्व विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. मात्र तेरा वर्षांचा मुलगा भरलेले ताट भिंतीवर भिरकावतो तेव्हा घरातल्या मोठ्यांनी नेमके काय करायचे, याविषयी त्या साऱ्या प्रक्रियेत जेमतेम दुपारभर चर्चा झाली असेल. पुढे जे शिकलो ते एका समुपदेशकबाईंकडून, थोडे सासूबाईंकडून आणि बरेचसे एका दोनशे पानी वहीतून.

पहिले काही आठवडे तो पाहुण्यासारखा वागला. ताट स्वतः घासायचा, सांगितल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही, प्रत्येक वाक्याला ‘हो काकू’. नातेवाईक येऊन म्हणायचे, किती गुणी आहे हो! समुपदेशकबाई मात्र म्हणाल्या, की हा चांगुलपणा म्हणजे अंदाज घेणे आहे. ज्या दिवशी तो तुमच्यावर चिडेल, त्या दिवशी त्याला या घरात थोडे सुरक्षित वाटू लागले आहे असे समजा. ऐकताना हे वाक्य मला जरा पुस्तकी वाटले होते.

पहिली गोष्ट निघाली ती मुंग्यांमुळे. त्याच्या गादीखालून मुंग्यांची रांग निघून खिडकीपर्यंत गेली होती. गादी उचलली तर चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या चपात्या, एक अर्धा खाल्लेला गुळाचा खडा आणि काळा पडलेला केळ्याचा तुकडा होता. त्या दिवशी दुपारी तो पोटभर जेवला होता आणि आमच्या घरी त्याला कोणी कधी ‘पुरे’ म्हटलेले नव्हते. सासूबाईंना ते फार लागले. ‘घरात अन्न उघडं आहे, मग चोरून कशाला ठेवायचं?’ असे त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. प्रश्न रास्त होता. फक्त तो आमच्या घराच्या हिशेबाने विचारलेला होता. जिथे मोठी मुले धाकट्यांच्या ताटातले उचलतात आणि रात्री भूक लागली तर सकाळची वाट पाहावी लागते, तिथे चपाती लपवून ठेवणारा मुलगा शहाणाच म्हणायला हवा. शरीराला लागलेली ती सवय नवे घर पाहिले म्हणून सुटत नाही.

त्याला कोणी काही बोलले नाही. गादी उन्हात टाकली, खोली पुसून घेतली आणि त्याच्या टेबलावर झाकणाचा एक स्टीलचा डबा ठेवला. त्यात चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे असे टिकणारे काहीतरी असे. हा डबा तुझा, रिकामा झाला की ओट्यावर आणून ठेव, कोणी मोजणार नाही, एवढेच सांगितले. सुरुवातीला तो डबा रोज रिकामा होत असे आणि चपात्याही गादीखाली जात असत. चपात्या हळूहळू बंद झाल्या. डबा मात्र आजही आहे, आणि त्यात काय भरायचे हे आता तोच सांगतो.

यानंतर समुपदेशकबाईंनी वही ठेवायला सांगितली. पानावर तीन रकाने: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर आम्ही काय केले. मतप्रदर्शन करायचे नाही, ‘उद्धटपणे बोलला’ असे लिहायचे नाही, तर जे शब्द तो बोलला तेच लिहायचे. मी बँकेतली असल्यामुळे रकाने भरण्याचे मला वावडे नाही, पण पहिल्या महिन्यात माझा मधला रकाना खच्चून भरलेला आणि पहिला बहुतेक रिकामा असे. ‘अचानक चिडला’, ‘काही कारण नसताना’. बाईंनी त्या दोन शब्दप्रयोगांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि सांगितले, की यापुढे पहिला रकाना भरल्याशिवाय दुसरा लिहायचा नाही. काही आठवत नसेल तर घड्याळ, वार, कोण घरी होते, काय शिजत होते, कोणाचा फोन आला होता, ते लिहा.

त्या पहिल्या रकान्याने आमची नजर बदलली. संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ पुन्हापुन्हा येत होती. यजमान कारखान्यातून येतात, फाटकाचा आवाज होतो, त्यांचे बूट जिन्यावर वाजतात, ही ती वेळ. माझ्या यजमानांनी त्याच्यावर कधी हात उगारलेला नाही, परंतु त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या काही वर्षांत संध्याकाळी घरी परतणारा पुरुष म्हणजे पुढच्या तासाभरात काय होईल याचा नेम नसणे, असा अर्थ होता. हे त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हते. साडेसहापासून त्याचे पाय हलायला लागत, अभ्यासाचे पान उलटत नसे, आणि मग आम्ही दिलेले कोणतेही क्षुल्लक निमित्त, उदाहरणार्थ ‘दप्तर उचल’, त्याला पुरत असे. यजमानांनी त्यावर उपाय केला तो अगदी साधा. ते कोपऱ्यावरूनच फोन करू लागले, ‘आलो रे, काही आणायचं का?’ वर आल्यावर पहिली दहा मिनिटे ते त्याला काहीही विचारत नसत. दप्तराचा विषय चहानंतर. सातच्या नोंदी कमी झाल्या, हे वहीत दिसते; थांबल्या असे मी म्हणणार नाही.

बाईंनी यामागचे शरीरशास्त्र आम्हाला समजावून दिले. मेंदूत धोका ओळखणारा अमिग्डाला नावाचा लहानसा भाग असतो, आणि विचार करून थांबवणारा कपाळामागचा भाग माणसाच्या पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. हे सर्वच किशोरांना लागू आहे. ज्या मुलाने लहानपणी मारहाण, उपासमार किंवा आईचे जवळ असूनही नसणे अनुभवले आहे, त्याचा धोका ओळखणारा भाग मात्र दुधाने तोंड पोळल्यासारखा ताकालाही सावध असतो. भडका उडालेला असताना त्याला तर्क ऐकू येत नाही, कारण तर्क करणारा भाग त्या क्षणी पुरेसा चालतच नसतो. म्हणून आधी शरीर शांत करायचे, मग नाते जपायचे आणि शेवटी समजवायचे, हा क्रम. आपण मोठी माणसे नेमका उलटा क्रम धरतो आणि भाषणापासून सुरुवात करतो.

लहानपणातील आपत्ती आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध दाखविणारा एक अमेरिकी अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून अशा आपत्तींचे गुण मोजण्याची पद्धत बरीच रूढ झाली. एका प्रशिक्षणात आम्हालाही तसा तक्ता दिला होता. तो मला फारसा उपयोगी वाटला नाही. लोकसमूहाविषयी तो बरेच सांगतो. समोरच्या मुलाला भाऊबीज का सहन होत नाही हे तो सांगत नाही.

भाऊबीजेचे आमच्या वहीत स्वतंत्र पान आहे. पहिल्या दिवाळीत त्याने आकाशकंदील काठीने फोडला आणि दारातल्या पणत्या पायाने उडवल्या. आमची मुलगी सुटीवर आली होती, तिने त्याच्यासाठी शर्ट आणला होता, ओवाळायचे ताट तयार होते. जो तो म्हणाला, इतकं प्रेमाने करतोय तर याला काय झालं? वही मागे चाळली तेव्हा दिसले, की चिडचिड भाऊबीजेला सुरू झालीच नव्हती. ती वसुबारसेच्या आधीपासून होती, म्हणजे घरात फराळाचा वास सुटल्यापासून. स्वतःच्या बहिणीला पाहिल्याला त्याला वर्षाहून अधिक काळ लोटला होता, आणि येथे दुसऱ्याची बहीण त्याला ओवाळायला उभी होती. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असे कलम ४४ मध्येच म्हटले आहे, पण मुलामुलींच्या संस्था वेगळ्या, जिल्हे वेगळे, आणि फायली तर त्याहून वेगळ्या.

आम्ही समितीकडे भेटीसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली आणि आम्ही त्याला बहिणीच्या संस्थेत घेऊन गेलो. त्याआधी मात्र एक गोष्ट शिकून घेतली होती, ती अशी की अशा मुलाला सुखद आश्चर्य द्यायचे नसते. कोणत्या दिवशी, किती वाजता निघायचे, कोणती गाडी, तिथे किती वेळ मिळेल, आणि मुख्य म्हणजे भेट रद्द झाली तर काय करायचे, हे सर्व कागदावर लिहून तो कागद त्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. एकदा भेट खरोखरच आयत्या वेळी रद्द झाली. निरोप सकाळी आला, आणि तो संध्याकाळपर्यंत दडवण्याचा मोह मला झाला होता, पण यजमानांनी लगेच सांगितले. तो गच्चीवर गेला, पाण्याच्या टाकीवर बुक्क्या मारल्या, हाताची साले निघाली. तो दिवस वाईटच गेला. परंतु आम्ही दडवले असते तर पुढच्या प्रत्येक तारखेवरचा त्याचा विश्वास गेला असता.

ऐन भडक्याच्या वेळी काय करायचे, हे मी एका रात्रीच्या आधाराने सांगते. मोबाइल रात्री दहाला बैठकीत चार्जिंगला लावायचा, हा नियम घरातल्या सर्वांसाठी होता. त्या रात्री यजमानांनी ‘सोमनाथ, दहा वाजले’ म्हटले आणि त्याने ओट्यावरचा तांब्या उचलून फेकला. तो पत्र्याच्या कपाटाला लागून पोचा पडला. त्यानंतर तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या हातात लाटणे होते, पण मारायला उगारलेले नव्हते, छातीशी आडवे धरलेले होते. डोळे आमच्याकडे नव्हते, दाराकडे होते. बाईंनी सांगितले नसते तर मी लाटणेच पाहिले असते. डोळे पाहिले नसते.

अशा वेळी कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले होते. बोलणारा एकच. मी सासूबाईंना घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी गेले, म्हणजे दाराचा रस्ता मोकळा झाला. यजमान उभे होते ते खुर्चीवर बसले, म्हणजे त्याच्यापेक्षा खाली झाले, आणि हात मांडीवर ठेवले. ते म्हणाले, ‘मी इथे बसलोय. दार उघडं आहे. फोनचं उद्या बोलू.’ एवढी तीन वाक्ये, आणि मग बराच वेळ काहीच नाही. गप्प बसणे हे त्यातले सर्वांत कठीण काम आहे, कारण जीभ शिवशिवत असते आणि शेजारच्या घरातला टीव्ही बंद झालेला असतो. काही वेळाने लाटणे खाली आले, मग तो भिंतीलगत घसरत खाली बसला, आणि पुष्कळ उशिरा त्याने विचारले, ‘चहा मिळेल का?’ मी चहा केला. फोन बैठकीत चार्जिंगला लागला, तो त्यानेच लावला.

काही नातेवाइकांच्या मते हे लाड होते. त्यांचे म्हणणे असे की दोन ठेवून दिल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटले असते. कायद्याच्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण करणे हा गुन्हा आहे, हे तर झालेच. पण व्यवहारातही त्यातून एवढेच घडले असते, की घरी परतणाऱ्या पुरुषाविषयीची त्याची जुनी समजूत खरी ठरली असती. शिवाय नियम आम्ही सोडला नव्हता. दहाचा नियम दुसऱ्या दिवशीही दहाचाच होता. फक्त तो नियम पटवून देण्याची वेळ आम्ही हलवली. पोचा पडलेल्या कपाटाचे दार रविवारी काढले आणि तो व यजमान दोघे मिळून ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ते ठोकून सरळ करून आले. मोडले ते दुरुस्त करायचे, हीच शिक्षा. त्याबद्दल खाऊचे पैसे कापायचे नाहीत आणि बहिणीची भेट तर कधीच पणाला लावायची नाही.

सासूबाईंविषयी लिहायला हवे. ‘पोरगं हाताबाहेर जाईल’ असे सर्वांत आधी त्याच म्हणाल्या होत्या आणि आजही अधूनमधून म्हणतात. परंतु दुपारी तो शाळेतून आला की त्या त्याच्यापुढे लसणाचा गड्डा सरकवीत, किंवा मेथीची जुडी. दोघे शेजारी बसून निवडत. त्या त्याच्याकडे पाहत नसत, विचारत काही नसत, स्वतःच्या माहेरच्या म्हशीच्या गोष्टी सांगत. आईला ‘ते लोक’ दवाखान्यात घेऊन गेले त्या दिवसाची हकिकत त्याने पहिल्यांदा सांगितली ती मेथी निवडताना, आजींना. मला नाही आणि समुपदेशकबाईंनाही नाही. समोरासमोर बसवून ‘बोल, काय झालं?’ म्हटले की या वयाची मुले मिटतात. आमचेही पुढचे महत्त्वाचे बोलणे स्कूटरवर झाले, जिथे मागे बसणाऱ्याला आपला चेहरा दाखवावा लागत नाही.

शाळेतून तक्रार आली ती निबंधाची. विषय ‘माझी आई’. त्याने वही फाडली, बाक ढकलला आणि वर्गातून निघून गेला. चिठ्ठीत ‘उद्धट वर्तन’ असे लिहिले होते. आम्ही वर्गशिक्षिकेला भेटलो. त्याचा इतिहास त्यांना सांगायचा नाही, कारण तो सांगण्याचा हक्क आमचा नाही, हे आधी ठरवले होते. तो आमच्याकडे राहतो एवढे त्यांना ठाऊक होतेच. फक्त एवढी विनंती केली, की अशा विषयाला दुसरा एक पर्याय फळ्यावर सर्वांसाठीच लिहावा, म्हणजे तो एकटा वेगळा दिसणार नाही, आणि त्याने पाण्याची बाटली उचलून दाखवली तर काही न विचारता त्याला पाच मिनिटे बाहेर जाऊ द्यावे. बाई समजूतदार होत्या. पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना बाटलीचा प्रकार म्हणजे नसते चोचले वाटले, आणि ते वर्ष ओढाताणीत गेले. शाळेचे सगळे त्या त्या शिक्षकावर अवलंबून असते, त्याला इलाज सापडलेला नाही.

खोटे बोलण्याविषयी थोडक्यात. ‘हा ग्लास कोणी फोडला?’ हे माहीत असताना विचारू नये. तो प्रश्न नसतो, सापळा असतो, आणि घाबरलेला मुलगा त्यात पडतोच. ‘ग्लास फुटला आहे, काचा लागतील, झाडू घेऊन ये’ असे म्हटले की खोटे बोलण्याची गरजच उरत नाही.

सर्वांत बोचरे वाक्य पैशांवरून आले. ‘तुम्हाला सरकार पैसे देतं म्हणून ठेवलंय मला. तुम्ही माझे कोण?’ शाळेत कोणीतरी त्याला ते सांगितले होते. मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी महिन्याला ४,००० रुपये मिळतात, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नव्हता. मी पासबुक काढून त्याच्यापुढे ठेवले, शेजारी क्लासची, गणवेशाची, डोळ्यांच्या तपासणीची बिले ठेवली आणि म्हटले, तूच बेरीज कर. त्याने ती केली, एकदा नव्हे तर दोनदा. आठवडाभर काही बोलला नाही आणि मग म्हणाला, ‘मग तर तुम्हाला परवडत नाही. पाठवा परत.’ म्हणजे पैसे मिळतात म्हणून ठेवले हेही वाईट, आणि पदरचे घालून ठेवले तर कधीतरी सोडणारच, हेही वाईट. त्याला हिशेब नको होता; आम्ही त्याला केव्हा सोडणार याची तारीख हवी होती, कारण आजवर प्रत्येकाने सोडले होते, आणि ती तारीख दुसऱ्याने ठरवण्यापेक्षा आपणच ओढवून घेतलेली बरी.

‘परत पाठवू’ हे शब्द आमच्या घरात रागाने, गमतीने, पाहुण्यांसमोर, कसेही उच्चारायचे नाहीत, असा दंडक होता. तरीही ‘तू कायमचा आमचाच’ असेही म्हणता येत नव्हते, कारण ते खरे नव्हते. आदेश समितीचा होता आणि त्याची आई हयात होती. यजमानांनी त्याला जे उत्तर दिले ते मला अजून योग्य वाटते: ‘परवडतं की नाही ते बघणं माझं काम. तू कुठे राहायचं ते समिती ठरवते, आणि तुलाही विचारते. तू भांडलास म्हणून ते ठरत नाही.’

तरी तो एकदा निघून गेलाच. शाळेतून परत आला नाही. आम्ही वाट पाहत बसलो नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि पोलिसांना लगेच कळवले, कारण मूल आमच्या ताब्यात असले तरी जबाबदारी सामाईक असते आणि उशीर झाला तर नुकसान मुलाचेच होते. तो सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सापडला, त्याच्या आईच्या तालुक्याला जाणारी गाडी लागते तिथे, खिशात बसच्या भाड्यापेक्षा कमी पैसे. म्हणजे तो आमच्यापासून पळाला असे आम्ही समजत होतो, पण तो आईकडे निघाला होता. चाचणीत नापास झाल्याचे निमित्त होते, आणि अपयश आले की आईकडे जावे असे कोणाला वाटत नाही? घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, ‘जेवलास का?’ त्या रात्री दुसरा प्रश्न कोणीही विचारला नाही. मूळ कुटुंबाच्या भेटी कायद्यात आहेतच. आम्ही समितीला विनंती करून आईच्या भेटीचे वेळापत्रक ठरवून घेतले. भेटीनंतरचे दोन दिवस तो हमखास बिघडतो, तेव्हा त्या दिवसांत पाहुणे नाहीत, परीक्षा नाहीत, केस कापणे नाही. भेटी बंद करा म्हणजे मुलगा शांत होईल, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तो आम्ही मानला नाही, आणि मानणाऱ्यांशी माझे पटत नाही. भेटीनंतर मुलगा रडतो हे भेट चुकीची असल्याचे लक्षण नाही.

वही, डबा, लसूण यांनी सगळे भागत नाही, हेही स्पष्ट लिहिते. त्याच्या मनगटाच्या वर कंपासच्या टोकाचे ओरखडे दिसले, तेव्हा आम्ही त्याच दिवशी समुपदेशकबाईंना कळवले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. असे दिसल्यावर घरगुती शहाणपण बाजूला ठेवावे. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल तर १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानसची मोफत फोनसेवा आहे, आणि मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. त्याचे उपचार अनेक महिने चालले आणि त्याविषयी याहून अधिक लिहायचे नाही, असे आमचे ठरले आहे.

आता तो दहावी होऊन आयटीआयला जातो. पत्रा ठोकण्याच्या त्या रविवारपासून त्याला फिटरच्या कामाची गोडी लागली असे यजमान सांगतात. मला तो त्यांचा पक्षपात वाटतो. गेल्या काही महिन्यांत मात्र जुन्या गोष्टी पुन्हा दिसू लागल्या आहेत. गादीखाली बिस्किटांचे पुडे सापडले. दहाच्या नियमावरून पुन्हा वाद सुरू झाले. वहीतला पहिला रकाना पाहिला तर कारण उघड आहे: समितीच्या पाहणीसाठी आलेल्या एका व्यक्तीने त्याच्यासमोर ‘अठरा पूर्ण झाल्यावर’ असे म्हटले होते. त्या वाढदिवसानंतर कायद्याच्या दृष्टीने तो बालक राहणार नाही, आणि आजवर ज्या कागदाच्या जोरावर तो या घरात होता तो कागद संपेल.

आम्ही तिघांनी बसून, म्हणजे खरे तर वर्कशॉपच्या वाटेवर चालत, त्याविषयी बोलायला सुरुवात केली आहे. खोली राहील, घराची किल्ली राहील, आयटीआयचे वर्ष याच पत्त्यावरून पूर्ण होईल, हे त्याला सांगितले आणि लिहूनही दिले, कारण तोंडी आश्वासनांची त्याच्याकडे मोठी शिल्लक आहे. बहिणीचे पुढे काय, तिला अठरा होईपर्यंत भेटता येईल ना, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते समितीला विचारायचे आहे. प्रश्नांची यादी तो स्वतः करतो आहे, आणि पुढच्या तारखेला ती तोच वाचून दाखवणार आहे.